भिंतीवरचे दोन प्रयोग : एक परीक्षण

आपल्याकडे परीक्षण कशाचं व्हावं हे कधीचं ठरून गेलेलं आहे. नाटकाचं होतं, सिनेमाचं होतं, गाण्याच्या मैफलीचं होतं, कवितासंग्रहाचं तर कवीच्या मित्रांकडून हटकून होतं. पण जो कलावंत आपल्या घरी येतो, दारात चपला काढतो (काही काढत नाहीत, त्याविषयी पुढे), आपल्याच दिवाणखान्यात आपल्याच विजेवर पाऊण तासाचा एकपात्री प्रयोग करतो आणि ज्याच्या कलाकृतीकडे आपल्याला पुढची दहा वर्षं रोज संध्याकाळी बघत बसावं लागतं, त्या भिंतीवर टीव्ही लावून देणाऱ्या माणसाच्या कलेवर कोणा समीक्षकाने चार ओळी खरडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक नाटक पडलं तर माणूस तीन तासांत सुटतो. मध्यंतरात वडा खाऊन निसटणारेही मला ठाऊक आहेत. टीव्ही पडला तर... पण पडण्याचं सोडा, तो चुकीच्या जागी घट्ट बसला तर काय होतं, हाच आजचा विषय आहे.

मी स्वतः एके काळी हौशी परीक्षक होतो. बँकेतली नोकरी सांभाळून एका साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहीत असे. ‘नेपथ्य यथातथा’, ‘प्रकाशयोजना प्रसंगाला उठाव देणारी’, ‘दुसरा अंक किंचित रेंगाळतो’ अशी वाक्यं माझ्याकडे इस्त्री करून ठेवलेली असत. नाटक कोणतंही असो, घडी मोडून वापरायची. त्या काळात मी भल्याभल्यांना ‘आवाजाची फेक कमी पडते’ म्हणून सुनावलं आहे. आणि त्याच मी, गेल्या दिवाळीत, एका अत्यंत सदोष प्रयोगाला पाचपैकी पाच तारे दिले. का दिले ते सांगतो. त्यासाठीच हे परीक्षण लिहायला घेतलं आहे. थोडं उशिरा लिहितो आहे, पण आमच्या साप्ताहिकात नाटक बंद पडल्यावर परीक्षण छापून येण्याची परंपरा होतीच.

तर चिरंजीवांनी बंगळूरहून दिवाळीची भेट म्हणून त्रेचाळीस इंची टीव्ही धाडला. आधीचा टीव्ही टेबलावर पाय रोवून उभा राहणारा, बिचारा गरीब होता. नवा मात्र भिंतीवरच लावायचा असा हुकूम फोनवरून आला. “बाबा, टेबलावर फार जुनाट दिसतं.” आमच्या घरात जुनाट दिसणाऱ्या वस्तूंमध्ये टेबलाचा नंबर बराच खाली लागतो, पण मी काही बोललो नाही.

खोक्यात एक पुस्तिका होती. सवयीने आधी ती वाचली. चांगल्या चौदा भाषांत होती, त्यांत मराठी नव्हती. कथानक सगळं चित्रांतून. पात्रं दोन, दोघांनाही तोंड नाही, त्यामुळे टीव्ही उचलताना ती एकमेकांशी भांडत नाहीत. वास्तवाशी फारकत घेतली आहे ती नेमकी इथेच. शेवटी ‘हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे’ अशी ओळ होती. म्हणजे वीस पानं वाचायला लावून लेखक म्हणतो, तुम्ही हे वाचायला नको होतं!

आता भिंतीविषयी, कारण नेपथ्याची कल्पना आल्याशिवाय प्रयोगाची येणार नाही. आमची सोसायटी १९७९ सालची. भिंत नऊ इंची, भाजक्या विटांची. वडील तेव्हा दर रविवारी छत्री घेऊन बांधकामावर जायचे आणि गवंड्याच्या मागे उभे राहून विटा मोजायचे. भिंतींवर पाणी मारलं जातंय की नाही हे पाहायला ते ऑफिस सुटल्यावरही वाट वाकडी करून जात. बिल्डरला ते नको झाले होते. या भिंतीत घराला लागलेला पहिला खिळा त्यांनी स्वतः ठोकला, कॅलेंडरसाठी. ठोकताना तो किंचित वाकला, आणि ‘वाकला म्हणजेच पकडला’ असं शास्त्र त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. चाळीस वर्षं त्या खिळ्याने कॅलेंडरं पेलली. सात वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा आईने कॅलेंडर स्वयंपाकघरात हलवलं आणि त्या खिळ्याला त्यांचा फोटो लावला. टीव्हीचं टेबल त्याच्याच खाली होतं. म्हणजे संध्याकाळी आम्ही टीव्ही बघायचो आणि वडील आमच्याकडे बघायचे. हयात असतानाही साधारण हीच व्यवस्था होती.

प्रयोग पहिला. वेळ सकाळी अकराची जाहीर झाली होती, पडदा चार वाजता उघडला. मधल्या काळात ‘लोकेशन पाठवा’ असे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा सौ.ने मारुतीच्या देवळापासून पत्ता सांगितला. कंपनीकडून आलेला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, उंच, सडपातळ, देखणा. रंगमंचावर प्रवेश चांगला. चपला मात्र काढल्या नाहीत, बुटांना नाडी होती म्हणून. आल्या आल्या “कुठे लावायचाय?” असं विचारलं. मी हात उंचावून भिंतीकडे मोघम दाखवलं. माझी सूचना जितकी मोघम, तितकीच मोघम मान त्याने डोलावली. इथे पहिला प्रवेश संपला.

मग त्याने फोटो उतरवला, “दोन मिनिटं हं, आजी” म्हणून फ्रीजवर ठेवला आणि पक्कड लावून खिळा उपटला. सोबत रुपयाएवढा गिलावा आला. आईने तो वाकडा खिळा उचलला आणि सुईदोऱ्याच्या डब्यात टाकला. आम्हा कोणाच्या ते फारसं लक्षात आलं नाही, कारण तोवर चिरंजीव व्हिडिओ कॉलवर प्रकट झाले होते. “अजून वर,” बंगळूर म्हणालं. “अजून थोडा. खाली मोकळी भिंत दिसली पाहिजे.” त्या मुलाने टीव्हीचं खोकं भिंतीला लावून धरलं. मी मागे सरून पाहिलं, सौ.ने दारातून पाहिलं, समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी सहज आल्या होत्या त्यांनीही पाहिलं, आणि आम्ही सगळे एकमुखाने म्हणालो, “छान!”

परीक्षक म्हणून माझी पहिली चूक इथली. आम्ही सगळे उभे होतो! तो मुलगा उभा, मी उभा, सौ. उभी, वहिनी उभ्या, चिरंजीव तर सौ.ने डोक्याच्याही वर धरलेल्या फोनमध्ये, म्हणजे सात फुटांवर. आणि टीव्ही ही वस्तू जन्मभर बसून बघायची असते. त्या खोलीत बसलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे आई. तिला कोणी विचारलं नाही.

आवाजाच्या बाजूने प्रयोग जोरदार झाला. ड्रिलने लावलेला सूर तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला, फेक कमी पडली असं कोणी म्हणणार नाही. धूळ खाली पडू नये म्हणून काही करायचं असतं ही कल्पना त्याला नसावी; सोफ्यावर, पुस्तकांवर आणि शेवेच्या उघड्या डब्यावर सारखाच थर बसला. एक भोक जरा मोठं पडलं, त्यात त्याने आगपेटीच्या दोन काड्या मोडून घातल्या. माझ्या हे लक्षात आलं, पण मी गप्प राहिलो. न्यायाने सांगायचं तर पातळी अचूक होती. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारी एक हिरवी रेघ असते, ती त्याने ब्रॅकेटवर ठेवून दोनदा तपासली. चित्र आडवं सरळ होतं, फक्त होतं माळ्याच्या उंचीला.

पस्तीस मिनिटांत सगळं आटोपलं. ब्रॅकेटचे वेगळे नऊशे झाले. मग तो मुलगा घाम पुसत म्हणाला, “काका, मोबाइलवर चार आकडे आलेत ते सांगा. आणि एक लिंक येईल, तिथे पाच स्टार द्या. चार दिले तर आमचे पैसे कापतात.” आज हे त्याचं सहावं घर होतं, अजून दोन बाकी होती, आणि सकाळपासून तो फक्त वडापाव खाऊन होता. आता मला सांगा, अशा वेळी ‘नेपथ्य यथातथा’ कसं लिहायचं? मी पाच तारे दिले. सौ.ने त्याला लाडू दिला. (शेव देण्यासारखी राहिली नव्हती.)

म्हणून त्या मुलावर माझा राग नाही, आणि परीक्षणात हे नोंदवणं मी माझं कर्तव्य समजतो. ज्या नटाला दिवसाला आठ प्रयोग लावले जातात त्याच्याकडून भूमिकेच्या अभ्यासाची अपेक्षा धरू नये. संहिताच तशी लिहिलेली होती. ‘घरात टीव्ही कोण बघतं’ हा प्रश्न त्या संहितेत नव्हता. चार आकडे होते, पाच तारे होते. आणि ते तारे तरी कसले? टीव्ही लागल्यावर पाच मिनिटांत मागितलेले. नाटकाची घंटा झाल्याबरोबर प्रेक्षकांना ‘कसं वाटलं?’ म्हणून विचारण्यासारखंच हे झालं. परीक्षण मागायचंच तर तीन आठवड्यांनी मागावं.

पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, “माझी मान का हो दुखतेय?” मी म्हटलं, दिवाळीचं काम. सहाव्या दिवशी माझी दुखायला लागली, आणि मी तर दिवाळीत काडीचंही काम केलं नव्हतं. उपाहारगृहात आणि दवाखान्यात टीव्ही उंच लावतात त्याला कारण असतं. तिथे माणसं उभी असतात, येत-जात असतात, शिवाय कोणी रिमोटला हात लावू नये हाही हेतू असतो. दुकानातही भिंतभर टीव्ही लावलेले आपण उभ्या उभ्याच पाहतो आणि तेच चित्र डोक्यात घेऊन घरी येतो. आमच्या टीव्हीचा मध्य जमिनीपासून सहासष्ट इंचांवर होता, म्हणजे साडेपाच फूट. सोफ्यावर बसलेल्या साधारण माणसाचे डोळे बेचाळीस इंचांच्या आसपास असतात. मधल्या दोन फुटांचा हिशेब मान चुकती करत होती.

आईने मात्र चकार शब्द काढला नाही. तिचं वय शहाऐंशी. मानेचे मणके झिजलेले, पट्टा असतो, तो ती फक्त डॉक्टरांकडे जाताना लावते. बसायला तिची ती वेताची बुटकी खुर्ची. पूर्वी संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या लागल्या की ती हातातलं काम बाजूला ठेवायची. आता ती तांदूळ निवडत बसायला लागली. मी विचारलं, “आई, बघत नाहीस?” तर म्हणाली, “ऐकू येतंय की.” आम्हाला वाटलं, वयोमान. सौ. तर म्हणाली, “आता त्यांचं मन उडालंय सगळ्यातून.” माणसाचं मन उडालं असं आपण फार पटकन म्हणतो. टीव्ही खाली आणण्यापेक्षा ते सोपं जातं.

तीन आठवड्यांनी एकदा आईचा चष्मा शोधत मी तिच्या खुर्चीत बसलो. टीव्ही चालू होता. वर पाहिलं आणि चमकलो. तिथून पडद्यावर आधी दिसत होती ट्यूबलाइट, मग गरगर फिरणारा पंखा, आणि त्यांच्या पलीकडे बातम्या देणाऱ्या बाई, त्याही खालून बघितल्यामुळे रंग उडालेल्या, आजारातून उठल्यासारख्या. मिनिटभरात मानेत कळ आली. म्हणजे आई तीन आठवडे टीव्ही ऐकत होती!

यात मला विशेष लागलं ते का, हे सांगण्यासाठी थोडं मागे जायला हवं. आमच्या घरात पहिला टीव्ही १९८४ साली आला. चार पायांचा, लाकडी शटरचा, शटरला कुलूप, किल्ली वडिलांच्या जानव्याला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, आणि आम्हा पुणेकरांना ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मिळायचं. त्या काळी पुण्यातल्या कोणत्याही गच्चीवर उभं राहून सिंहगड कुठे आहे हे विचारावं लागत नसे. सगळ्या अँटेना तिकडेच तोंड करून उभ्या असत. अँटेनेवर कावळा बसला की ‘आमची माती आमची माणसं’मधल्या शेतावर बर्फ पडायला लागायचा. मग वडील गच्चीवर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. वरून वडील ओरडायचे, “आला का?” मी तो प्रश्न खाली पोहोचवायचा, आई म्हणायची, “आला!” मी ते वर पोहोचवेपर्यंत खाली “गेला, गेला!” झालेलं असायचं. आला-गेलाच्या त्या खेळात शेवटचा शब्द आईचा असे. ती ‘आला’ म्हणाली की चित्र आलं. बातम्या देणाऱ्या बाईंनी ‘नमस्कार’ म्हटलं की आई हात जोडून उलट नमस्कार करायची. आम्ही हसायचो. ती म्हणायची, “समोरच्याने केला तर करू नये का?” हे तिने चाळीस वर्षं चालू ठेवलं होतं. आणि गेले तीन आठवडे तिचे हात तांदळात होते.

दुसऱ्या प्रयोगाचे कलावंत कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने सुचवले. “जुना माणूस आहे. बोलतो फार, पण हात आहे.” साठी ओलांडलेले, डोक्याला टोपी, जुनी स्कूटर. तरुणपणी गच्च्यांवर अँटेना चढवत फिरले, मग केबल टाकली, मग ताटल्या लावल्या, आता भिंती. दूरदर्शनचा सगळा इतिहास त्यांनी शिडीवरून पाहिलेला. चपला दाराबाहेर काढल्या, तिथेच एक तारा पडला. माझ्या मनात, लिंक नव्हती.

आत आल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. विचारलं, “साहेब, घरात बघतं कोण?” मी आईकडे बोट केलं. “मग आई, तुम्ही बसा आपल्या जागेवर. नेहमी बसता तशा. माझ्यासाठी ताठ नका बसू.” आई बसली. मिस्त्रींनी ओळंब्याची दोरी काढली, एक टोक मला आईच्या डोळ्याशी धरायला लावलं आणि दुसरं टोक भिंतीपर्यंत नेऊन पेन्सिलीने टिंब केलं. अडतीस इंच. मग मला सोफ्यावर बसवलं, बेचाळीस. “चाळीसवर धरू. दोघांचं भागेल.” एवढं साधं! माझ्या मते संपूर्ण प्रयोगाचा परमोच्च बिंदू हाच होता, आणि अजून ड्रिलची वायरही सोडलेली नव्हती.

यानंतर त्यांनी गोधडी मागितली आणि टीव्ही तिच्यावर पालथा निजवला. पाठीवरच्या भोकांमधलं अंतर मोजलं. त्रेचाळीस इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. उंची धरायची एकवीस. मध्य चाळीसवर हवा, तर खालची कड साडेएकोणतीसवर येणार. पण पाठीची भोकं काही टीव्हीच्या बरोबर मध्यावर नसतात, खालच्या अंगाला सरकलेली असतात, म्हणून ब्रॅकेट तेवढा खाली धरायचा. हा हिशेब त्यांनी आमच्या वर्तमानपत्राच्या समासात मांडला. पहिल्या प्रयोगात हे गणितच नव्हतं.

मग भिंतीवर टिचक्या. इथे थोडं विषयांतर करतो. डॉक्टर आपली पाठ बोटांनी वाजवून बघतात ना, ती पद्धत १७६१ साली औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियातल्या वैद्याने जगापुढे मांडली. त्याचे वडील खाणावळवाले होते, आणि पिंप किती भरलंय हे वाजवून बघायची त्या धंद्यातली रीत. मिस्त्रींनी औएनब्रुगर वाचला असण्याचा संभव कमी, पण भिंत त्यांनी तशीच तपासली. “ही पोकळ नाही. कोणीतरी लक्ष देऊन बांधून घेतलीय.” आई ऐकत होती. ती म्हणाली, “हे यायचे रविवारी. छत्री घेऊन.”

स्विचबोर्डाच्या सरळ वर खडूने एक उभा पट्टा आखून त्यांनी तो वर्ज्य केला, कारण वायर बोर्डातून सरळ वर जाते. ड्रिलच्या पात्याला जिथपर्यंत आत जायचं तिथे चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला. एक जुनं लग्नपत्रिकेचं पाकीट भिंतीला चिकटवून त्याचं तोंड भोकाखाली उघडं ठेवलं. सगळी पूड त्यात. (लग्न आमच्या भाच्याचं होतं. पाकिटाचा एवढा उपयोग होईल असं त्या वेळी वाटलं नव्हतं.) पहिली पूड पांढुरकी, ती गिलाव्याची. मग लाल. “लाल आली म्हणजे वीट लागली. करडी आली असती तर सांधा. सांध्यात प्लग नीट धरत नाही, जागा बदलायची. अर्धा इंच गिलावा काही वजन पेलत नाही साहेब, तो फक्त पावडर-कुंकू.” चार भोकांपैकी एक करड्यावर गेलं. ते त्यांनी मुकाट्याने सोडलं आणि इंचभर सरकून दुसरं पाडलं. आगपेटी मागितली नाही.

त्या प्लगचीही एक गंमत आहे. ज्याला आपण रावळ प्लग म्हणतो त्याच्यामागे कोणी रावळ नाही, रॉलिंग्ज नावाचा इंग्रज कंत्राटदार आहे. १९११ च्या सुमारास त्याला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान बसवायचं काम मिळालं, अट अशी की भिंतींची नासधूस होता कामा नये. त्या अटीतून हा प्लग निघाला. जगभरातल्या देवळांतून, थडग्यांतून वस्तू आणून मांडणाऱ्यांना आपल्या भिंतीला मोठं भोक पडू नये याची केवढी काळजी! असो. आपल्याला प्लग मिळाला.

ब्रॅकेट बसल्यावर मिस्त्रींनी त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि चक्क लोंबकळले. “माझं वजन बासष्ट. टीव्ही आठ-नऊ किलो. वरचे स्क्रू ओढले जातात, खालचे दाबले जातात, म्हणून परीक्षा वरच्यांची घ्यायची.” असा परीक्षक आमच्या साप्ताहिकाला मिळायला हवा होता.

आता दोष. दोष आहेतच; न दाखवले तर हे परीक्षण न राहता मानपत्र होईल. एक, कलावंत बोलतो फार. पाऊण तासाच्या प्रयोगाला अडीच तास लागले, त्यांत चहा तीन वेळा झाला आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही लावायला कोणाकोणाकडे कशी झुंबड उडाली हे मला दोनदा ऐकावं लागलं. दुसरा अंक किंचित रेंगाळतो. दोन, वायरींसाठी त्यांनी जी पट्टी मारली ती तपकिरी, भिंत पिवळसर. विचारलं तर म्हणाले, “डोळ्यांची सवय होते.” तीन, वरची तीन भोकं आणि गिलाव्याचा तो खड्डा त्यांनी पांढऱ्या सिमेंटने भरला, ते आता पावसाळ्यातल्या बुरशीसारखं दिसतं. रंगसंगतीत गृहस्थ कच्चे आहेत. चिरंजीवांनी फोनवर पाहून “फारच खाली वाटतो” असा शेरा मारला. तेव्हाही ते उभेच होते.

टीव्ही लागला. मिस्त्रींनी मला काही विचारलं नाही. आईकडे वळून म्हणाले, “आई, दिसतंय?” आईने निवडायचं ताट बाजूला ठेवलं होतं. बातम्यांची वेळ झालीच होती. पडद्यावरच्या बाई ‘नमस्कार’ म्हणाल्या आणि आईचे हात जोडले गेले. सौ. स्वयंपाकघराच्या दारात होती, ती आत निघून गेली. कांदा चिरायचा होता म्हणे. त्या दिवशी चतुर्थी होती, आमच्याकडे कांदा नसतो.

राहिला फोटो. तो तीन आठवडे फ्रीजवरच होता; ‘दोन मिनिटं’ अजून संपली नव्हती. मी म्हटलं, आता शेजारच्या भिंतीला लावू. मिस्त्री वर बघत म्हणाले, “वरचं चौथं भोक भरलेलं नाही अजून. प्लग चांगला बसलाय त्यात.” आगपेटीच्या काड्यांचं भोक हे नव्हे, दुसरं. “फोटो वरच बरा. टीव्ही बसून बघायचा, फोटो उभ्यानं.” आई उठली. सुईदोऱ्याचा डबा आणला, वाकडा खिळा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला, “हा प्लगमध्ये नाही चालायचा, आई” म्हणाले, आणि परत दिला. मग स्क्रू पिळला, फोटो फडक्याने पुसला आणि शिडीवर चढून अडकवला.

फोटो डावीकडे झुकला होता. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि मागे न बघता, जुन्या सवयीने, वरून विचारलं, “आला का?”

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “थोडं उजवीकडे,” ती म्हणाली. “अजून थोडं. हां. आले.”